बँकांच्या नियमांबद्दल नेत्यांची भूमिका का बदलते? ठेवीदारांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

आमच्या गावातली नागरी सहकारी बँक बंद पडली त्याला काही वर्षं झाली. तेव्हापासून मी ठेवीदारांचे दावा-अर्ज भरून देते, कोणाला सोबत हवी असेल तर सहनिबंधक कार्यालयातही जाते. अर्ज भरताना लोक जे विचारतात त्यातले निम्मे प्रश्न अर्जाचे नसतातच. "ताई, हेच साहेब तर म्हणत होते ना…" अशी त्यांची सुरुवात असते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पक्ष पाहून कोणाला सवलत दिलेली नाही.

नेत्याने भूमिका बदलली, हे तुम्ही कशावरून म्हणता?

शक्यतो भाषणावरून नाही. मी कागद पाहते. विधेयक कोणी मांडलं, कोणी मागे घेतलं, पंतप्रधानांना पत्र कोणी लिहिलं, कायद्यातला कोणता आकडा बदलला. पण माझे डोळे उघडले ते मात्र भाषणानेच, म्हणून ते सांगते.

आमच्या बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी मंगल कार्यालयात व्हायची. अहवाल, ताळेबंद, लाभांश, मग चहा-पोहे. त्या वर्षी तालुक्यातले एक मोठे नेते माइक घेऊन म्हणाले, "सहकार हा राज्याचा विषय आहे. रिझर्व्ह बँकेने आमच्या संस्थेत नाक खुपसू नये." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण आपल्या माणसांनी उभी केलेली संस्था बाहेरचे मोडायला निघालेत असं मला मनापासून वाटलं होतं. चौदा महिन्यांनी बँकेच्या शटरवर कलम ३५-अ ची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांची, नोटीस लागली. खळीने चिकटवलेली, एक कोपरा सुटून वाऱ्याने फडफडत होता. त्याच मंगल कार्यालयात ठेवीदारांचा मेळावा झाला आणि तेच नेते म्हणाले, "रिझर्व्ह बँक इतकी वर्षं झोपली होती का?" पुन्हा टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझी मावशी बसली होती. मांडीवर पासबुक आणि मुदत ठेवीच्या पावत्या, एकूण ७ लाख ३० हजार. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने मला हळूच विचारलं, "मागच्या वेळी हे असं नव्हते ना म्हणाले?"

पण नागरी बँकेवर हुकूम खरंच कोणाचा? राज्याचा की रिझर्व्ह बँकेचा?

दोघांचा, आणि दुखणं तिथेच आहे.

१९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून ठेव विम्याचा (बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रक्कम मिळण्याचा) कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. तेव्हा विमा होता ठेवीदारामागे १,५०० रुपयांचा. सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला तो १ मार्च १९६६ पासून, तोही अर्धामुर्धा. परवाना, रोखता, कर्जाचे निकष रिझर्व्ह बँकेने पाहायचे; नोंदणी, संचालक मंडळाची निवडणूक, लेखापरीक्षण, अवसायन (म्हणजे बँक कायमची गुंडाळणं) हे सहकार निबंधकाने. बँक एकापेक्षा जास्त राज्यांत असेल तर हे काम दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे. यालाच 'दुहेरी नियंत्रण' म्हणतात.

पुढे २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली तेव्हाही हे दुहेरी नियंत्रण संपवायची चर्चा झाली. हाती काय आलं? २००५ नंतर राज्यांशी केलेले सामंजस्य करार. कायदा होता तिथेच राहिला.

देशातल्या नागरी बँकांपैकी सर्वाधिक बँका महाराष्ट्रात आहेत. साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि विधानसभा यांमध्ये फिरणारी माणसं आपल्याकडे पुष्कळदा तीच असतात. म्हणून बँकेचा नियम हा इथल्या राजकारण्याला अर्थखात्याचा विषय वाटत नाही, स्वतःच्या घरचा वाटतो.

एफआरडीआय विधेयकाने एवढी घबराट का झाली होती? आणि मग ते गेलं कुठे?

पूर्ण नाव 'वित्तीय निराकरण आणि ठेव विमा विधेयक'. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ते १० ऑगस्ट २०१७ ला लोकसभेत मांडलं. बँक, विमा कंपनी किंवा वित्तसंस्था बुडायला आली तर काय करायचं, कोणी करायचं, यासाठी एक स्वतंत्र निराकरण महामंडळ काढायचं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. आपल्याकडे बँक बुडाली की पहिले सहा महिने ठेवीदाराला नेमकं कोणाच्या दारात जायचं हेच कळत नाही.

पण त्यात कलम ५२ होतं. बुडणाऱ्या बँकेची देणी कमी करून किंवा त्यांचं भागभांडवलात रूपांतर करून बँक सावरायची, असा त्याचा अर्थ. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला 'बेल-इन' म्हटलं. लोकांनी सरळ अर्थ काढला की बँक सावरायला आमच्या ठेवी वापरणार. विमा असलेली रक्कम यातून बाहेर होती, पण तेव्हा ती मर्यादा १ लाख रुपयांवर १९९३ पासून अडकून पडली होती. नव्या विधेयकात आकडाच नव्हता, तो महामंडळ नंतर ठरवणार होतं. आधी नोटाबंदीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ही भीती वाटणार नाही तर काय होणार?

सरकारने आधी सांगितलं की हे ठेवीदारांच्या हिताचंच आहे आणि गैरसमज पसरवले जाताहेत. विधेयक भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. वर्षभरात, ऑगस्ट २०१८ मध्ये, सरकारने ते मागे घेतलं. तेव्हा अर्थखातं पीयूष गोयल यांच्याकडे होतं.

माझी तक्रार मागे घेण्याबद्दल नाही. कलम ५२ काढून, विम्याचा आकडा लिहून, उरलेलं विधेयक पुढे नेता आलं असतं. एका कलमासाठी सगळं गुंडाळलं आणि जे उपयोगी होतं तेही गेलं. पुढच्याच वर्षी त्याची किंमत कोणी मोजली, ते खाली येतंच.

तेव्हा विरोधात काँग्रेस होती. मग काँग्रेसची भूमिका तरी एकच राहिली का?

नाही. निराकरण महामंडळाची कल्पना भाजपची नव्हतीच. मनमोहन सिंग सरकारने मार्च २०११ मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली वित्तीय क्षेत्रातल्या कायद्यांच्या सुधारणेसाठी आयोग नेमला. आयोगाने मार्च २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात असं महामंडळ असावं अशी शिफारस होती. चार वर्षांनी दुसऱ्या सरकारने तीच गोष्ट आणली, तेव्हा काँग्रेसने तिला कडाडून विरोध केला.

कोणी म्हणेल की विरोध फक्त कलम ५२ ला होता. तसं असतं तर 'हे कलम काढा, बाकीचं आमच्या आयोगानेच सुचवलं होतं' असं खणखणीतपणे सांगायला हवं होतं. सामान्य ठेवीदारापर्यंत तसं काही पोहोचलं नाही. पोहोचली ती फक्त भीती.

पीएमसी बँकेच्या वेळी केंद्र सरकार नेमकं काय म्हणालं होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सप्टेंबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. पहिल्या दिवशी मुभा होती ती सहा महिन्यांत १,००० रुपये काढण्याची. हजार रुपये! मुलुंड, भांडुप, सायनच्या शाखांबाहेर लोक अक्षरशः रडत होते. मग मर्यादा १०,००० झाली, २५,००० झाली, ४०,०००, ५०,०००, आणि जून २०२० मध्ये १ लाख. प्रत्येक टप्प्याला लोकांना रस्त्यावर यावं लागलं. बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून जास्त रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती, आणि ते लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवली होती असं पोलिसांकडच्या तक्रारीत नमूद आहे.

विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं. १० ऑक्टोबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन प्रचारासाठी मुंबईत आल्या, तेव्हा ठेवीदारांनी त्यांना भाजपच्या कार्यालयाबाहेर गाठलं. त्या त्यांना भेटल्या, हे नमूद केलं पाहिजे. त्यांचं म्हणणं असं होतं की अर्थखात्याचा याच्याशी थेट संबंध नाही, नियामक रिझर्व्ह बँक आहे. मात्र कायद्यात उणीव असेल तर सचिवांचा गट ती तपासेल आणि गरज पडल्यास दुरुस्ती करू.

त्यानंतरचा क्रम पाहा. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात ठेव विमा १ लाखावरून ५ लाख झाला, ४ फेब्रुवारीपासून लागूही झाला. मार्चमध्ये बँकिंग नियमन कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक आलं, २६ जूनला अध्यादेश निघाला, सप्टेंबरमध्ये संसदेने ते मंजूर केलं. सहकारी बँकांचं लेखापरीक्षण, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक, संचालक मंडळ बरखास्त करणं, विलीनीकरण, या सगळ्यांत रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. (गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांना हा कायदा लागू नाही.) पुढे २०२१ मध्ये ठेव विमा कायदा बदलला आणि बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद १ सप्टेंबर २०२१ पासून आली. त्याआधी बँक अवसायनात जाईपर्यंत विमा मिळतच नसे. लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबले आहेत.

'थेट संबंध नाही' पासून कायदा बदलायचं विधेयक येण्यापर्यंत हा प्रवास चार-पाच महिन्यांचा. बदल योग्य दिशेने झाला, त्याचं श्रेय देते. पण १ लाखाचा आकडा सत्तावीस वर्षं तसाच होता. मधल्या काळात काँग्रेस, भाजप आणि तिसरी आघाडी, सगळ्यांची सरकारं येऊन गेली. त्यांच्यापैकी कोणाला तो हलवावासा वाटला नाही, तो हलला ठेवीदार रडल्यावर.

येस बँक तेरा दिवसांत सावरली. मग पीएमसीला दोन वर्षं का लागली?

येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, १८ मार्चला उठले. स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल उभं राहिलं. पीएमसीच्या ठेवीदारांना युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण होईपर्यंत, म्हणजे २५ जानेवारी २०२२ पर्यंत थांबावं लागलं, आणि मोठ्या ठेवी तर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार आहेत. एक बँक व्यापारी, दुसरी सहकारी, त्यामुळे कायदे वेगळे होते, हे खरं. पण ठेवीदाराच्या घरातलं लग्न, शस्त्रक्रिया, फी यांना हा फरक कळत नाही.

नव्या कायद्याचा उपयोग झाला का, याचं एक उदाहरण देता येईल. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले. रोख रकमेतला १२२ कोटींचा अपहार असा आरोप आहे. ती बँक ४ ऑगस्ट २०२५ ला सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत.

शरद पवारांनी २०२० च्या कायद्याला विरोध केला होता. त्यात चूक काय?

विरोध करणं चूक नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सहकारी बँकांचं सहकारी स्वरूप जपण्याची मागणी केली. तो मुद्दा मलाही पटतो. एक सभासद एक मत, गावातल्या माणसाला गावातलं कर्ज, हे व्यापारी बँक करत नाही. भाजीवाल्या बाईला पंधरा हजारांचं कर्ज ओळखीवर कोण देतं, ते मी आमच्याच बँकेत पाहिलेलं आहे.

माझा प्रश्न सातत्याचा आहे. २०११ मध्ये ९७ वी घटनादुरुस्ती झाली. संचालकांची संख्या, मुदत, निवडणूक, लेखापरीक्षण यांबद्दल सगळ्या राज्यांना एकच चौकट त्यात घालून दिली होती. तेव्हा कृषी आणि सहकार खात्याचे केंद्रीय मंत्री शरद पवारच होते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र सहकार मंत्रालय काढून ते अमित शहांकडे दिलं, तेव्हा मात्र पवार म्हणाले की सहकाराचे कायदे विधानसभा करते, केंद्राला त्यात हस्तक्षेपाचा अधिकार नाही. गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात राज्यांतर्गत संस्थांपुरती ती घटनादुरुस्ती रद्द केली, कारण राज्यांची संमती घेतलेली नव्हती. म्हणजे २०२१ चं त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. २०११ ला ते का सुचलं नाही, एवढंच विचारते.

२०२० ला कडक झालेले नियम पुन्हा सैल झाले का?

काही ठिकाणी झाले. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासदार, आमदार, नगरसेवक यांना नागरी बँकेचे व्यवस्थापकीय संचालक होण्यास बंदी केली. साधे संचालक होता येतं, हे लक्षात घ्या. त्यानंतर वारा हळूहळू दुसऱ्या बाजूने वाहू लागला. जून २०२२ मध्ये घरकर्जाच्या मर्यादा दुप्पट झाल्या, २०२३ मध्ये शाखा उघडणं सोपं झालं. आणि २०२५ च्या बँकिंग कायदा दुरुस्तीने सहकारी बँकेच्या संचालकाची सलग मुदत आठ वर्षांवरून दहा वर्षांवर नेली.

या शेवटच्या बदलासाठी सरकारने दिलेलं कारण होतं ९७ व्या घटनादुरुस्तीशी मेळ घालणं. पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती म्हणजे दहा, हे गणित बरोबर आहे. तरी माझं मन त्याला तयार होत नाही. जिथे बँक बुडाली तिथे मी जितकी संचालक मंडळं पाहिली, त्यांत तीच तीन-चार आडनावं वर्षानुवर्षं होती. आठ वर्षांची मर्यादा सहकारी बँकांना लागू करून पाच वर्षंही झाली नव्हती. ती राबवून तरी पाहायची होती.

मत बदलणं वाईटच असतं का?

मुळीच नाही. ब्रिटनचे गॉर्डन ब्राउन यांनी अर्थमंत्री असताना १९९७ पासून नवी नियामक रचना उभी केली. ती २००८ च्या संकटात तोकडी पडली. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे मान्य केलं की आपली मोठी चूक झाली, वित्तसंस्था एकमेकींत किती गुंतल्या आहेत ते आपल्याला कळलंच नाही. चूक कुठे झाली ते त्यांनी सांगितलं, म्हणून पुढच्या माणसाला त्याचा उपयोग.

अमेरिकेत बार्नी फ्रँक यांचं उदाहरण जरा अवघड आहे. २०१० च्या कडक बँकिंग कायद्याला त्यांचंच नाव आहे. ५० अब्ज डॉलरहून मोठ्या बँकांवर जादा देखरेख, अशी त्यात मर्यादा होती. संसद सोडल्यावर ते सिग्नेचर बँकेच्या संचालक मंडळावर गेले, आणि ही मर्यादा वाढवावी असंही त्यांचं म्हणणं होतं. २०१८ मध्ये ती २५० अब्ज झाली. मार्च २०२३ मध्ये सिग्नेचर बँक बंद करावी लागली. त्या बदलाचा याच्याशी संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. असेलही. पण खुर्ची आणि मत दोन्ही बदललं की लोकांचा विश्वास बसत नाही, मग तो माणूस कितीही अभ्यासू असो.

आपल्या खासदाराने मत काय दिलं ते कळतं का?

बहुतेक वेळा नाही. पुष्कळशी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, नावानिशी नोंद होत नाही. २०२० चं बँकिंग विधेयक राज्यसभेत २२ सप्टेंबरला मंजूर झालं, त्या दिवशी खासदारांच्या निलंबनावरून विरोधकांचा बहिष्कार होता. ज्यांनी बाहेर या कायद्यावर टीका केली त्यांच्यातले कित्येक सभागृहात नव्हतेच. चर्चेचा वृत्तांत मात्र संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो. तुमचे खासदार त्या विषयावर बोलले का, एवढं तरी नाव टाकून शोधा.

माझे ५ लाख नक्की सुरक्षित आहेत का?

बँकेतले, हो. मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या सगळ्या शाखांची बेरीज करून ५ लाख. तुमच्या एकट्याच्या नावावरचं खातं आणि जोडीदारासोबतचं संयुक्त खातं वेगळं धरलं जातं. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. नावात 'अर्बन', 'नागरी', 'क्रेडिट' काहीही असो, फलकावर रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचा उल्लेख आणि काउंटरवर ठेव विमा महामंडळाची पाटी पाहून घ्या. मर्यादा ५ लाखांपुढे नेण्याचा विचार चालू असल्याचं अर्थखात्याच्या सचिवांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं. कायद्यात येईपर्यंत ५ लाखच धरून चाला.

तुमच्या मावशीचे पैसे मिळाले का?

५ लाख मिळाले. वरच्या २ लाख ३० हजारांचा दावा अवसायकाकडे आहे. त्याची पोच तिने पासबुकात घडी घालून ठेवली आहे, आणि दर दिवाळीला मी गेले की ती मला उघडून दाखवते.